पानावरचा हात

रूथमावशींसमोर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचायला बसलं की त्यांचा हात पानावर कधी येईल ते सांगता यायचं नाही. आपण चांगले लयीत आलेलो असायचो आणि मध्येच तो यायचा, सुईने टोचून टोचून बोटाचं टोक खरबरीत झालेला, आणि सगळं पानच झाकायचा. "थांब," त्या म्हणायच्या, "आत्ता काय वाचलं?" वाचणाऱ्याला बहुतेक वेळा सांगता यायचं नाही. मग त्या हात काढायच्या नाहीत. आठवेपर्यंत शांत बसून राहायच्या. रागावलेल्या नसायच्या, पण हात मात्र उचलायच्या नाहीत.

सेनगावात आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे बोटांवर मोजण्याइतकी घरं. हिंगोलीच्या रस्त्याला पत्र्याचं एक प्रार्थनाघर होतं. महिन्यातून एका रविवारी पाळक हिंगोलीहून यायचे, बाकीचे रविवार आम्ही आपले आपण चालवायचो. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी मात्र दहावीपर्यंत नांदेडला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकलेली. नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला घरी परतले तेव्हा मला मराठी बोलता यायची, पण वाचताना जोडाक्षर आलं की पाय अडकल्यासारखं व्हायचं. पहिल्याच रविवारी पाळकांनी कौतुकाने मला शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. मी एकेक शब्द चाचपत गेले. पुढे चटईवर बसलेली लेकरं एकमेकांना कोपरं मारून हसत होती. वाचून खाली बसले तेव्हा माझे कान इतके तापले होते की पुढचं प्रवचन मी ऐकलंच नाही. पुन्हा इथे तोंड उघडायचं नाही, एवढंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शमुवेल दारात उभा. हा रूथमावशींचा एकुलता एक मुलगा. सेनगाव-हिंगोली जीप चालवायचा. "माय बोलावून राहिली," म्हणाला. "घाबरू नको, मापं घ्यायला न्हाई बोलावलं."

मावशी ओसरीवर शिलाई मशीनपाशी बसलेल्या होत्या. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी त्यांच्या हातची. पण काचबिंदूने डोळे चालले होते. तेव्हा त्यांना उजेड आणि माणसाची आकृती एवढंच दिसायचं. परकर, लेकरांची झबली-फ्रॉक असं सरळ शिलाईचं तेवढं हाताच्या अंदाजाने शिवायच्या. मी बसल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की कालचं माझं वाचणं त्यांना आवडलं आणि रोज दुपारी मी येऊन त्यांना वाचून दाखवावं. मला ती थट्टा वाटली. ते त्यांना बरोबर कळलं असावं.

"लोकं कशी वाचतात ठाऊक हाय?" त्या म्हणाल्या. "लांब लांब टाके घालत्यात. दिसायला काम लवकर होतं, पण अंगात घातलं की उसवतं. तू बारीक टाका घालती. तुला येत न्हाई म्हणून घालती, पण घालती ना. मला तसलंच पायजे."

आत खाटेवर लोळत पडलेला शमुवेल म्हणाला, "आता म्याडमला पगार काय देणार माय?"

"तुझी पुढची शीट," मावशी म्हणाल्या.

आणि खरंच, मी हिंगोलीला कॉलेजला जायला लागले तेव्हा जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा माझ्यासाठी धरलेली असायची. मागे माणसं टपावर बसलेली असली तरी. वाटेत शमुवेल विचारायचा, काल कुठवर आले तुम्ही, माझ्या मायनं किती वेळा थांबवलं. "देवालापण जरा दम घेऊ दे म्हणावं तिला," तो म्हणायचा. पण विचारायचा रोज.

मावशींचं नाव ज्या बाईवरून ठेवलं होतं तिची गोष्ट आम्ही पहिल्याच महिन्यात वाचली. परक्या गावात आलेली विधवा, दुसऱ्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे सांडलेली कणसं, वेचते, आणि शेताचा मालक गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधून थोडी कणसं मुद्दाम खाली पडू द्या. एवढं वाचलं आणि हात आला. "मुद्दाम?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, हो. "आन तिला सांगितलं न्हाई?" मी त्यांच्या बोटांमधून पुन्हा बघून म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. त्यांनी हात उचलला. मग म्हणाल्या, "देव असाच देतो बघ. आपल्याला वाटतं पडलेलं घावलं."

शेजारी कौसल्या नावाची एक बाई राहायची. घरी दोन लहान मुली, नवरा वीटभट्टीवर. मावशी तिच्या मुलींना झबली, फ्रॉक शिवून द्यायच्या आणि दरवेळी म्हणायच्या, गिऱ्हाइकाच्या कापडातलं उरलं होतं, टाकून देण्यापेक्षा शिवलं. मी एकदा बाजाराच्या दिवशी त्यांना हात धरून दुकानात नेलं होतं. फुलाफुलांचं एक कापड त्यांनी बोटांनी चाचपून, गज सांगून, विकत घेतलं होतं. आठवड्याने कौसल्याची धाकटी त्याच कापडाचा फ्रॉक घालून ओसरीसमोर नाचत होती. मी मावशींकडे बघितलं. माझं बघणं त्यांना दिसत नव्हतं, तरी म्हणाल्या, "वाच तू."

आमच्याकडे सुगी झाल्यावर कापणीचा सण असतो. सोयाबीन निघालेलं असतं, ज्वारी हिरवी असते, तूर फुलावर. ज्याचं जे पिकलं त्यातलं मूठ-पसा घेऊन माणसं प्रार्थनाघरात येतात. त्या दिवशी एक स्तोत्र म्हणायची चाल होती. एकाने देवाचं एकेक करणं वाचायचं आणि दर ओळीनंतर सगळ्यांनी मिळून एकच वाक्य म्हणायचं, की त्याची प्रीती कायम टिकते. छापलेले शब्द जड होते, म्हाताऱ्या बायकांच्या जिभेवर बसायचे नाहीत. मावशींनी कधीकाळी ते आपल्या बोलीत करून टाकलं होतं: त्याची माया सरत न्हाई. कणगीतलं धान्य सरतं, कंदिलातलं तेल सरतं, ते सरणं. पाळक नवीन होते तेव्हा त्यांनी थोडी कुरकुर केली म्हणतात, पण पुढे तेही तसंच म्हणायला लागले.

स्तोत्र संपल्यावर मंडळीची फेरी असायची. प्रत्येकाने यंदाची आपली एक गोष्ट सांगायची, त्यावर बाकीच्यांनी तेच वाक्य म्हणायचं. हिची राखण मावशींकडे होती आणि नियम कडक होता. मागच्या वर्षीचं चालायचं नाही, मोघम चालायचं नाही. कुणी म्हणालं की देवाने अन्नवस्त्र दिलं, तर त्या म्हणायच्या, "ते तर सगळ्यालाच दिलं. तुझं सांग." मग तो माणूस डोकं खाजवून सांगायचा की म्हैस विहिरीत पडली होती ती जिवंत निघाली. त्याची माया सरत न्हाई. पोरगी नांदायला गेली तिथे सासू बरी निघाली. त्याची माया सरत न्हाई. शमुवेल उभा राहून गंभीर तोंडाने म्हणायचा, "औंदा जीपचं टायर फकस्त एकदाच फुटलं," आणि सगळं प्रार्थनाघर हसत हसत तेच म्हणायचं.

त्यात यमुनाबाई होत्या. कानाने पार गेलेल्या. लोकांचे ओठ थांबले की त्यांना कळायचं, आता म्हणायचं. त्यामुळे सगळ्यांचं म्हणून झालं की मागून त्यांचा एकटीचा चिरका आवाज यायचा, "त्याची माया सरत न्हाई." लेकरं दरवेळी खिदळायची. मावशी लेकरांना दटावायच्या. "हसू नका रे. आपण सगळे गप झाल्यावर ती म्हणून राहिली. एक तर आवाज पायजे ना मागं राहिलेला."

माझी पाळी आली की मी मान खाली घालून "पुढे" म्हणायचे. कुणी आग्रह करू लागलं तर मावशीच अडवायच्या. "तिचं पोटात हाय. राहू द्या."

एका भादव्यात शमुवेलला ताप आला. दोन दिवस जीप चालवतच राहिला. तिसऱ्या दिवशी बोलणं बरळल्यासारखं झालं तेव्हा नांदेडला नेलं. ताप डोक्यात गेला, असं आई म्हणाली. आठवडाही झाला नाही आणि तो गेला. त्याला आणलं त्या संध्याकाळी पाऊस थांबला होता आणि त्याच्याच स्टँडवरच्या जीपवाल्यांनी, हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळ्यांनी, त्याची पेटी खांद्यावर घेतली. मावशींना खड्ड्याच्या कडेशी आईने धरून उभं केलं होतं. त्यांना काही दिसत नव्हतं. माती पडण्याचा आवाज सुरू झाला तशी त्यांनी एकदम हात पुढे केला, पंजा उघडा, आमच्या पानावर ठेवायच्या तसा. हवेत. आईने तो धरून हळूच खाली घेतला.

नंतर कितीतरी दिवस त्या प्रार्थनाघरात आल्या नाहीत. मी दुपारी जात होते. न सांगता ओसरीवर जाऊन बसायचे. मला सांत्वनाचं काही बोलता यायचं नाही, ते मला कुठल्याच भाषेत येत नाही. एका दुपारी त्यांनीच म्हटलं, "वाच. रडायची स्तोत्रं हायेत ती वाच. दुसरं नको."

तशी खूप आहेत, हे मला तेव्हा कळलं. देवा, तू कुठे आहेस, मला किती दिवस विसरणार, असं सरळ विचारणारी. मी वाचायचे, त्या ऐकायच्या. पण बहुतेक स्तोत्रांचं असं असतं की रडता रडता शेवटी एकदम वळण येतं आणि तोच माणूस देवाचे उपकार गाऊ लागतो. पहिल्यांदा मी त्या वळणाशी आले आणि हात आला. घट्ट, पान दाबून.

"इथवरच," मावशी म्हणाल्या. "पुढं काय हाय ते ठाऊक हाय मला." मग थोड्या वेळाने, "ह्या ओळीत रडून राहिला, पुढच्या ओळीत गाऊन राहिला. मधी काय झालं ते लिहिलं का कुठं?"

मी त्यांच्या बोटांच्या फटीतून बघितलं. दोन ओळींच्या मध्ये काहीच नव्हतं. मी नाही म्हटलं.

"मधी किती वर्षं गेली आसतील त्याची, कोणाला ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी तिथं हाय. मधी."

त्यानंतर रोज तिथेच हात यायचा. वळणाच्या अलीकडे. मी पुस्तक मिटायचे आणि चहा ठेवायला आत जायचे. चुलीशेजारी खुंटीला शमुवेलचा खाकी शर्ट होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं.

कापणीचा सण जवळ आला तशी मंडळीत कुजबुज सुरू झाली. मावशी यंदा येणार होत्या, पण ते स्तोत्र आणि ती फेरी त्यांच्यासमोर कशी म्हणायची? मुलगा जाऊन अजून दोन महिने झालेले नाहीत. पाळकांनी दोघाचौघांना विचारलं, माझ्या आईलाही विचारलं. सगळ्यांचं एकच मत पडलं की यंदा ते राहू द्यावं. मावशींना त्रास नको. मलाही ते बरोबर वाटलं.

त्या दिवशी मावशी माझा हात धरून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. ओंजळभर सोयाबीन कौसल्याने तिच्या वाट्यातलं आणून दिलं होतं, ते त्यांच्या पदरात होतं. पाळकांनी दुसरंच एक लहानसं स्तोत्र वाचलं, प्रवचन केलं, धान्यावर प्रार्थना केली आणि आशीर्वादासाठी हात वर केला.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "आपलं स्तोत्र राहिलं."

पाळकांनी हात खाली घेतला. हळू आवाजात म्हणाले की मावशी, यंदा नको असं सगळ्यांना वाटलं.

"माझ्यापायी?"

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत त्या थांबल्या.

"मला म्हणता येत न्हाई, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तोंडातून निघतच न्हाई. पण तुमाला काय झालं? ते दोघांत वाटून दिलेलं हाय ना. एकानं अर्धं म्हणायचं, बाकीच्यानं अर्धं. काहून दिलं तसं? ज्याच्या तोंडून निघत न्हाई त्याच्या वाटचं दुसऱ्यानं म्हणावं म्हणूनच ना? तुमी पण सोडलं तर मग माझ्या वाटचं कोण म्हणणार?"

आई रडायला लागली. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते स्तोत्र उघडलं. सगळ्यांनी म्हटलं, पण दबक्या आवाजात, कुणी झोपलेलं असताना पाय न वाजवता चालावं तसं. मावशींचे ओठ मिटलेले होते. मग फेरी सुरू झाली. माणसं पटकन काहीतरी सांगून मोकळी होत होती. गाय व्याली. पडवीवरचे पत्रे टिकले. टायरची ओळ नव्हती, आणि ती जिथे यायची तिथे सगळेच क्षणभर अडखळले. फेरी भिंतीशी आली. मला वाटलं त्या "पुढं" म्हणतील, माझ्यासारखं.

त्या म्हणाल्या, "माझा शमू."

एवढंच. पुढे काही नाही. तो उपकार होता की गाऱ्हाणं, आभार होते की देवाला विचारलेला हिशोब, कुणाला कळेना. आणि कळल्याशिवाय त्यावर ते वाक्य म्हणायची कुणाची हिंमत होईना. पाळकसुद्धा खाली बघत होते. तिचं नुकतंच पुरलेलं लेकरू, त्यावर माया सरत नाही असं तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? ती शांतता लांबत गेली. मावशींचा चेहरा मी अगदी शेजारून बघत होते. त्या कान देऊन बसल्या होत्या. वाट बघत होत्या. आणि मला दिसलं की आता कुणी बोललं नाही तर त्या उठून जातील आणि परत येणार नाहीत.

"त्याची माया सरत न्हाई," मी म्हटलं. आवाज फाटला. मावशींच्या बोलीतच म्हटलं, दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मला येतच नव्हतं. मग आईने म्हटलं, मग सगळ्यांनी, आणि सगळे थांबल्यावर मागून यमुनाबाईंनी. मावशींचा हात चाचपत आला आणि माझ्या मनगटावर बसला. तसाच, पानावर बसायचा तसा. त्यांनी तो आशीर्वाद होईपर्यंत उचलला नाही.

त्यानंतर दरवर्षी त्यांची ओळ तीच. "माझा शमू." मागच्या वर्षीचं चालत नाही हा त्यांचाच नियम, पण त्यांना तो कुणी सांगितला नाही. मंडळी म्हणायची आणि त्या ऐकायच्या.

मी पुढे शिकायला औरंगाबादला गेले, नोकरीलाही तिथेच लागले. सुट्टीत आले की बॅग टाकून आधी ओसरीवर जायचे. डोळ्यांतला उजेडही आता गेला होता, मशीन कौसल्याच्या मोठ्या मुलीला शिकवून देऊन टाकलं होतं. एका उन्हाळ्यात मी नेहमीसारखं एक रडण्याचं स्तोत्र घेतलं. वळण आलं. मी सवयीने थांबले. हात आला नाही. मी वर बघितलं. दोन्ही हात मांडीवर होते.

"वाच की," त्या म्हणाल्या.

मी शेवटपर्यंत वाचलं. बारीक टाक्याने, जसं त्यांना हवं असायचं तसं. पुस्तक मिटल्यावर त्या म्हणाल्या, "पोचले आसं न्हाई म्हणत. पण आवाज येऊन राहिला पलीकडचा." त्यांनी चहा मागितला आणि साखर जास्त टाक म्हणाल्या.

दोन वर्षांनी थंडीत त्या गेल्या. झोपेत, तकलीफ नाही. आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मिळेल ती एसटी पकडली, पण मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शमुवेलच्या शेजारी ओली माती होती आणि त्यावर कौसल्याच्या मुलींनी तुरीच्या फुलांच्या डहाळ्या ठेवल्या होत्या. मी तिथे उभी राहिले. म्हणावंसं खूप वाटलं, पण एकटीने ते म्हणता येत नाही. ते दोघांत वाटून दिलेलं आहे.

त्यानंतरच्या कापणीच्या सणाला मी रजा काढून गेले. पाळकांनी स्तोत्र वाचायला मला उभं केलं. मी सावकाश वाचलं. कुणी लेकरू हसलं नाही, किंवा हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मग फेरी झाली. भिंतीजवळची जागा रिकामी होती, तिथे कुणी बसलं नव्हतं. फेरी तिथून माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत माझ्या पाळीला मी "पुढे" याच्यापलीकडे काही बोलले नव्हते, त्यामुळे पाळकांनी पुढच्या माणसाकडे बघायला सुरुवातही केली होती.

"रूथमावशी," मी म्हटलं.

या वेळी कुणी थांबलं नाही. सगळ्यांनी एकदम म्हटलं, मोठ्याने. मग शांत झालं. आणि त्या शांततेत, सगळ्यांचे ओठ थांबलेले बघून, यमुनाबाईंनी एकटीने म्हटलं, "त्याची माया सरत न्हाई."